आपल्या लोकांत परतलेले फ्रान्झ रोझेनत्स्वाइग



घरी बसूनही देवाची प्रार्थना करता येते, मग दर रविवारी चर्चमध्येच कशाला जायला हवे, हा प्रश्न आज आपल्या घराघरांतील तरुण मुले विचारतात. मोठ्यांच्याही मनात तो कधीकधी डोकावतो. देव सर्वत्र आहे, तो एकांतातील हाकही ऐकतो, हे आपणच मुलांना शिकवलेले असते. मग समाजाची गरज काय? या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेल्या एका यहुदी विचारवंताचे जीवन आज आम्ही आपल्यासमोर ठेवीत आहोत. त्यांचे नाव फ्रान्झ रोझेनत्स्वाइग. विसाव्या शतकातील थोर यहुदी तत्त्वचिंतकांत त्यांची गणना होते. ते ख्रिस्ती झाले नाहीत. बाप्तिस्म्याच्या अगदी उंबरठ्यापर्यंत येऊन ते आपल्या लोकांत परत गेले. तरीही, किंबहुना म्हणूनच, समाजाचा घटक असणे म्हणजे काय हे त्यांच्या जीवनावरून आपल्याला शिकता येते.

दहा जणांची प्रार्थना

त्यांच्या जीवनाकडे वळण्यापूर्वी यहुदी धर्मातील एक गोष्ट समजून घेऊ या. यहुदी माणूस एकटा प्रार्थना करू शकतो आणि करतोही. परंतु काही प्रार्थना त्याला एकट्याने म्हणताच येत नाहीत. त्यासाठी किमान दहा प्रौढ व्यक्ती लागतात. या दहांच्या मेळाव्याला मिन्यान म्हणतात. परंपरेनुसार तेरा वर्षे पूर्ण झालेले दहा पुरुष मोजले जातात. आज काही पंथांत स्त्रियांचीही गणना होते. दहा जण नसतील तर तोरा ग्रंथाचे विधिपूर्वक जाहीर वाचन होत नाही आणि मृतांच्या आठवणीची कद्दिश ही प्रार्थनाही म्हणता येत नाही.

यातील शहाणपण पाहा. आईवडील वारले की मुलाने अकरा महिने कद्दिश म्हणायची असते. ती एकट्याने म्हणता येत नसल्यामुळे दुःखात बुडालेल्या माणसाला घराबाहेर पडून लोकांत यावेच लागते आणि लोकांनाही त्याच्यासाठी जमावेच लागते. मोजणीत लहानमोठा भेद नाही. नऊ विद्वान रब्बी जमले तरी मिन्यान होत नाही. दहा साधे कामगार जमले की होतो. दहावा माणूस कोण आहे, किती धार्मिक आहे, हे कोणी विचारीत नाही. तो आला, हे पुरेसे असते.

आपल्या कोकणातही ही परंपरा नांदली आहे. शनिवारी, म्हणजे शब्बाथाच्या दिवशी, घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायल लोकांना शेजारीपाजारी शनिवार तेली म्हणत. शेकडो वर्षे मोठ्या यहुदी समाजापासून दूर राहूनही सर्वांनी मिळून पाळलेल्या त्या एका दिवसाने त्यांची ओळख टिकवली. १९४८ नंतर त्यांपैकी बहुसंख्य लोक इस्रायलला गेले आणि कोकणातील गावोगावच्या सिनेगॉगमध्ये दहा जण जमवणे अवघड झाले. समाज म्हणजे काय हे तो विरळ होऊ लागला की अधिक कळते.

नाममात्र यहुदी घर

फ्रान्झ रोझेनत्स्वाइग यांचा जन्म २५ डिसेंबर १८८६ रोजी, नाताळच्या दिवशी, जर्मनीतील कासेल शहरात झाला. ते आईवडिलांचे एकुलते एक अपत्य. वडील गेओर्ग यांचा रंगांचा कारखाना होता. नगरपालिकेतही त्यांना मान होता. आई आडेले सुसंस्कृत आणि बुद्धिमान होत्या. घरात पुस्तके होती, संगीत होते, पाहुण्यांची वर्दळ होती. धर्म मात्र नावापुरता होता. वर्षातून एकदोन मोठ्या सणांना सिनेगॉगमध्ये जायचे, एवढेच. आजोबांचे भाऊ आडाम याच घरात राहत. छोट्या फ्रान्झला यहुदी वारशाची जी काही गोडी लागली ती या वृद्ध आजोबांमुळे.

त्या काळी जर्मनीत अशी असंख्य यहुदी कुटुंबे होती. १८७१ साली जर्मन साम्राज्यात यहुद्यांना कायद्याने समान हक्क मिळाले होते, पण सरकारी नोकरी, सैन्यातील बढती, विद्यापीठातील प्राध्यापकपद यांच्या वाटेत धर्म आडवा येई. म्हणून काही जण सोयीसाठी बाप्तिस्मा घेत, तर काही जण मनापासून ख्रिस्ती होत. नात्यातील भाऊ हान्स एरेनबर्ग यांनी १९०९ साली प्रॉटेस्टंट पंथात बाप्तिस्मा घेतला तेव्हा फ्रान्झ यांनी आपल्या नाराज आईवडिलांसमोर त्यांची बाजू मांडली. त्यांचे म्हणणे असे, की आपले शिक्षण, आपली संस्कृती सारे ख्रिस्तीच आहे, मग ज्याला धर्म हवा आहे त्याने जवळचा धर्म स्वीकारला तर बिघडले कोठे?

फ्रान्झ यांनी आधी वैद्यकशास्त्र आणि मग इतिहास व तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला. फ्रायबुर्ग येथे फ्रीडरिश माइनेके या नामवंत इतिहासकाराच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी हेगेलच्या राज्यविचारावर प्रबंध लिहिला आणि १९१२ साली डॉक्टरेट मिळवली. पुढे प्राध्यापकपद जवळजवळ ठरलेलेच होते. मन मात्र रिकामे होते. बुद्धीने सारे जग समजावून सांगता येईल, पण आपण स्वतः कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांना सापडत नव्हते.

उंबरठ्यावरून माघारी

७ जुलै १९१३ च्या रात्री लाइपझिग शहरात फ्रान्झ यांचे मित्र ऑयगेन रोझेनश्टॉक यांच्याशी उशिरापर्यंत बोलणे झाले. रोझेनश्टॉक जन्माने यहुदी, पण तरुणपणीच श्रद्धेने ख्रिस्ती झालेले. ते स्वतः मोठे विद्वान होते आणि तरीही साधेपणाने प्रार्थना करीत. त्यांच्या श्रद्धेपुढे फ्रान्झ यांची तटस्थ विद्वत्ता टिकली नाही. त्यांनी बाप्तिस्मा घेण्याचे ठरवले.

मात्र त्यांनी स्वतःला एक अट घातली. पहिले प्रेषित यहुदी म्हणून प्रभू येशूकडे आले होते. आपणही कोठलेच नसलेला माणूस म्हणून नव्हे, तर यहुदी म्हणूनच ख्रिस्तसभेत प्रवेश करावा, असे त्यांनी ठरवले. त्यासाठी ज्या धर्माला ते सोडून जाणार होते तो आधी नीट पाहणे भाग होते.

त्या वर्षीच्या शरद ऋतूतील सणांना ते कासेलला आईवडिलांकडे होते. पुढची हकिगत त्यांचे चरित्रकार नाहूम ग्लात्सर यांनी नोंदून ठेवली आहे. मुलाचा बेत ऐकून आई दुखावली. धर्म सोडणाऱ्याला आमच्या सिनेगॉगमध्ये जागा नाही, तू आलास तर तुला परत पाठवायला मी सांगेन, असे तिने बजावले. जी स्वतः फारसे धर्माचरण करीत नव्हती, तीही समाज सोडण्याच्या गोष्टीने एवढी हादरली. फ्रान्झ बर्लिनला निघून गेले. ११ ऑक्टोबर १९१३ या दिवशी योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस होता. तो त्यांनी तेथील एका लहानशा सिनेगॉगमध्ये घालवला.

हा यहुदी वर्षातील सर्वांत पवित्र दिवस. आदल्या सूर्यास्तापासून अन्नपाणी वर्ज्य असते. भाविक पांढरी वस्त्रे घालतात. दिवसभर प्रार्थना चालते. पापांची कबुली दिली जाते आणि प्रत्येक पापाच्या नावासरशी छातीवर हात मारला जातो. आपणही मिस्साच्या आरंभी असेच करतो. पण आपण तेथे मी पाप केले असे म्हणतो. यहुदी भाविक मात्र आम्ही पाप केले असे म्हणतात. एखाद्याने ते पाप स्वतः केलेले नसले तरी तो इतरांबरोबर ते उच्चारतो, कारण ते त्याच्या लोकांचे पाप असते. सर्व मिळून देवासमोर उभे राहतात आणि क्षमाही सर्व मिळून मागतात.

त्या दिवसाविषयी फ्रान्झ यांनी फारसे काही लिहून ठेवले नाही. हा बदल एका दिवसात घडला नसून त्यामागे अनेक महिन्यांचा विचार होता, असे आजचे काही अभ्यासक म्हणतात. तेही खरे असेल. एवढे मात्र निश्चित, की त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी रुडोल्फ एरेनबर्ग या नात्यातील भावाला पत्र लिहून आपण यहुदीच राहणार असल्याचे कळवले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की जगातील लोकांनी ख्रिस्ताच्या द्वारे पित्याकडे जावे. पण ज्या लोकांना पित्याने आधीच आपलेसे केले आहे त्यांना वेगळी वाट चालण्याची गरज नाही.

आपली श्रद्धा येथे त्यांच्या विचाराशी पूर्णपणे जुळत नाही. येशू ख्रिस्त सर्वांचा तारणारा आहे असे आपण मानतो. तरीही २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलेल्या निवेदनात यहुदी लोक देवाला आजही प्रिय आहेत आणि देव आपले पाचारण मागे घेत नाही, असे स्पष्ट केले आहे. १३ एप्रिल १९८६ रोजी संत पोप दुसरे जॉन पॉल रोमच्या सिनेगॉगमध्ये जाऊन यहुदी बांधवांना भेटले. या शिकवणुकीच्या प्रकाशात आपण फ्रान्झ यांच्याकडे पाहिले तर त्यांच्या निर्णयाचा आदर करणे आपल्याला जड जाणार नाही. त्यांना जे सापडले ते नवे मत नव्हते. आपण ज्यांच्यात जन्मलो ते लोक देवासमोर उभे आहेत आणि त्यांच्यात आपली जागा रिकामी आहे, हे त्यांना दिसले.

काठावरच्यांसाठी शाळा

त्यानंतर फ्रान्झ बर्लिनमध्ये हेरमान कोहेन या वृद्ध तत्त्ववेत्त्याकडे यहुदी धर्म शिकू लागले. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात गेले आणि बाल्कन आघाडीवर विमानविरोधी तोफांच्या तुकडीत राहिले. १९१८ साली त्यांना वॉर्सा शहरातील गरीब यहुदी वस्ती पाहायला मिळाली. जर्मनीतील सुखवस्तू यहुदी ज्यांना मागासलेले समजत, त्या लोकांची जिवंत प्रार्थना आणि त्यांच्या मुलांचा उत्साह पाहून ते भारावून गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी आपला मुख्य ग्रंथ आघाडीवरूनच लिहायला घेतला. सैनिकांच्या टपालाच्या कार्डांवर मजकूर लिहून ते आईला पाठवीत. जिने त्यांना सिनेगॉगमधून परत पाठवायची धमकी दिली होती, तीच आई आता ही कार्डे जपून ठेवीत होती. हा ग्रंथ १९२१ साली प्रसिद्ध झाला. त्याचे नाव तारणाचा तारा. शब्बाथ आणि सण यांच्या दरवर्षी फिरून येणाऱ्या चक्रात एकत्र जगणारा समाज अनंतकाळाची चव आजच घेतो, असे त्यात मांडले आहे. ख्रिस्ती धर्मालाही त्यांनी त्यात आदराचे स्थान दिले.

आता माइनेके यांनी त्यांच्यासाठी बर्लिन विद्यापीठाचे दार उघडले. फ्रान्झ यांनी नकार दिला. विद्वानांनी विचारलेल्या प्रश्नांपेक्षा साध्या माणसांनी विचारलेले प्रश्न आपल्याला अधिक महत्त्वाचे वाटतात, असे त्यांनी गुरूंना कळवले. मार्च १९२० मध्ये त्यांचा विवाह एडिथ हान यांच्याशी झाला. त्याच वर्षी त्यांनी फ्रँकफुर्ट शहरात प्रौढांसाठी मुक्त यहुदी शिक्षणगृह सुरू केले.

या शिक्षणगृहाची रीत वेगळी होती. त्याला स्वतःची इमारत नव्हती. भाड्याच्या जागेत वर्ग भरत. फ्रान्झ यांनी हेरले होते, की आपल्या पिढीतले बहुतेक यहुदी मध्यभागी नाहीत, काठावर आहेत. त्यांना हिब्रू येत नाही, प्रार्थनेची लाज वाटते, प्रश्न विचारायची भीती वाटते. म्हणून त्यांनी शिकवण्यासाठी डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ, समाजसेविका अशा माणसांना बोलावले. जे स्वतः दूर होते आणि परतीच्या वाटेवर होते, ते वाटेतल्या इतरांना अधिक जवळचे वाटत. मार्टिन बूबर, तरुण एरिश फ्रॉम, गेरशोम शोलेम, बेर्टा पापेनहाइम हेही येथे शिकवून गेले. शहरात तीस हजारांच्या आसपास यहुदी होते. भरभराटीच्या काळात त्यांपैकी सुमारे ११०० जणांनी येथे नाव नोंदवले होते.

फ्रान्झ स्वतःही एकेक धर्मनियम हळूहळू आचरणात आणीत होते. अमुक नियम पाळता का, असे कोणी विचारले तर ते अजून नाही असे उत्तर देत, असे सांगतात. नाही आणि अजून नाही यांत मोठे अंतर आहे. समाजात येण्यापूर्वी सारे काही पटलेच पाहिजे, सारे काही जमलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह नव्हता. आधी आत या, बसा, ऐका. बाकीचे चालता चालता होईल, ही त्यांची दृष्टी होती. १९२३ साली बर्लिनचे थोर रब्बी लेओ बेक यांनी त्यांना मोरेनू, म्हणजे आमचे गुरू, ही मानाची पदवी दिली.

समाज घरी आला

१९२२ सालच्या आरंभी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांना एएलएस हा मज्जातंतूंचा असाध्य आजार असल्याचे निदान झाले. यात बुद्धी शाबूत राहते, पण स्नायू एकेक करून निकामी होत जातात. डॉक्टरांना वर्षभराचीच आशा होती. सप्टेंबर १९२२ मध्ये मुलगा राफाएल जन्मला. वर्ष संपता संपता वडिलांचा लिहिता हात थांबला आणि पुढच्या वर्षी वाचाही गेली. खास बनवलेल्या टंकलेखन यंत्रावर ते कसेबसे अक्षर दाखवीत. तेही जमेना तेव्हा एडिथ अक्षरांमागून अक्षरे उच्चारून पाहत आणि पतीच्या बारीकशा खुणेवरून शब्द जुळवीत. अशा अवस्थेत त्यांनी मध्ययुगीन कवी यहूदा हालेवी यांच्या कवितांचा अनुवाद पूर्ण केला. १९२५ पासून मार्टिन बूबर यांच्याबरोबर त्यांनी हिब्रू बायबलचा जर्मन अनुवाद सुरू केला. ही कल्पना घेऊन आला होता लाम्बर्ट श्नायडर नावाचा एक तरुण ख्रिस्ती प्रकाशक.

आता ते सिनेगॉगमध्ये जाऊ शकत नव्हते. तेव्हा सिनेगॉग त्यांच्याकडे आले. शब्बाथाला आणि सणांना मित्र व विद्यार्थी जिने चढून त्यांच्या घरी येत आणि दहा जण जमले की तेथेच उपासना होई. खुर्चीत बसलेल्या फ्रान्झ यांना आमेनसुद्धा म्हणता येत नव्हते. पण मिन्यानच्या मोजणीत बोलू न शकणाऱ्या माणसाचीही गणना होते. ते त्या दहांपैकी एक होते. ज्यांनी काठावरच्या माणसांना आत आणण्यासाठी आपली कीर्ती आणि पद सोडले होते, त्यांना समाजाने काठावर पडू दिले नाही.

डॉक्टरांनी सांगितलेल्या एका वर्षाऐवजी ते जवळजवळ आठ वर्षे जगले. १० डिसेंबर १९२९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा बायबलचा अनुवाद यशया संदेष्ट्याच्या पुस्तकापर्यंत आला होता. अंत्यविधीत भाषणे नकोत, अशी त्यांची इच्छा होती. बूबर यांनी कबरीपाशी ७३ वे स्तोत्र वाचले. बायबलचे राहिलेले काम बूबर यांनी १९६१ साली जेरुसलेममध्ये पूर्ण केले.

शिक्षणगृह त्यापूर्वीच बंद पडले होते. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. यहुद्यांना शाळा, नोकऱ्या, नाट्यगृहे यांतून हाकलले जाऊ लागले, तेव्हा बूबर यांनी फ्रँकफुर्टचे शिक्षणगृह पुन्हा उघडले. ज्यांना जग तुम्ही आमचे नाही असे सांगत होते, त्यांना आपण कोणाचे आहोत हे तेथे उमगले. १९३८ साली तेही दार बंद झाले आणि १९४१ पासून त्या शहरातील यहुदी स्त्रीपुरुषांना आणि मुलांना छळछावण्यांकडे नेण्यात आले. हा इतिहास वाचताना आम्हा ख्रिस्ती लोकांची मान खाली जाते, कारण हे सारे ख्रिस्ती म्हणवणाऱ्या देशात घडले.

आपल्यासाठी

बंधुभगिनींनो, या जीवनातून आपण काय घ्यावे? स्वतः प्रभू येशू शब्बाथाच्या दिवशी रिवाजाप्रमाणे सभास्थानात जात असे, हे संत लूक आपल्याला सांगतो. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही पिता आमचा आहे आणि भाकरही आमची आहे. समाजाने देवापुढे एकत्र उभे राहण्याची ही रीत आपल्याला यहुदी लोकांकडूनच मिळाली आहे.

घरी प्रार्थना करता येते का? अवश्य करावी. पण आपण चर्चमध्ये केवळ स्वतःला काही मिळावे म्हणून जात नाही. आपल्या शेजारच्या बाकावर बसलेल्या विधवेला, नोकरी गमावलेल्या तरुणाला, काल आई पुरून आलेल्या मुलाला आपली तेथे गरज असते. आपली जागा रिकामी राहिली तर त्यांचा मेळा अपुरा राहतो.

आपल्या धर्मग्रामात नाताळ आणि शुभ शुक्रवारीच दिसणारी माणसे असतील. त्यांना टोमणा मारण्याऐवजी शेजारी सरकून जागा करून द्यावी; त्यांचे उत्तर आज अजून नाही असे असेल. तसेच अनेक घरांत अंथरुणाला खिळलेले आजारी आणि वृद्ध आहेत. धर्मगुरू त्यांच्याकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जातात, पण बाकीचे आम्ही कोठे असतो? येत्या आठवड्यात वाडीतील चारपाच कुटुंबांनी मिळून अशा एका घरी जावे, त्या व्यक्तीभोवती बसून रोझरी म्हणावी. तिला उत्तर देता आले नाही तरी चालेल. तीही आपल्यातलीच एक आहे, हे तिला कळले पाहिजे.